शेवटचे ताट

आज पोषणशास्त्राची पदवी धारण करून बाहेर पडणाऱ्या स्नातक बंधुभगिनींनो,

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, तो आपल्याकडील दीक्षान्त समारंभाचा मूळ संस्कार मानला जातो आणि त्यातील वचने अशा प्रसंगी पुष्कळदा उच्चारलीही जातात. परंतु त्याच उपनिषदाच्या अखेरच्या भृगुवल्लीत अन्नाविषयीची व्रते सांगितलेली आहेत, अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते वाढवावे, ह्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांनी अन्नाचेच अध्ययन केले, त्यांनी तरी ह्या दोन वल्ली एकत्र वाचाव्यात. त्यातही निंदा न करण्याचे व्रत मला आज आधी सांगावेसे वाटते, कारण आपल्या व्यवसायात गरिबाच्या अन्नाची निंदा फार सहजपणे घडते, आणि ती माझ्या हातूनही घडलेली आहे.

शिक्षण संपवून मी नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. पुण्याजवळच्या एका दवाखान्यात बांधकामावर विटा-वाळू वाहणारी एक बाई, वय जेमतेम चाळीस, रक्तातील साखर वाढलेली आणि हिमोग्लोबिन मात्र आठाच्याही खाली उतरलेले, अशी माझ्यासमोर येऊन बसली. भात बंद करा, तुम्ही खाता ते निकृष्ट आहे, असे सांगून मी तिला दवाखान्याचा छापील तक्ता दिला: सकाळी साय काढलेले दूध, अकराला एक फळ, दुपारी मोजक्या पोळ्या, पालेभाजी, कोशिंबीर, वाटीभर दही, आणि पुन्हा चारला भिजवलेले कडधान्य. तिने तो तक्ता आपल्या मुलीकडून वाचून घेतला, त्याची नीट घडी करून पदराच्या गाठीत बांधली आणि अत्यंत सौम्यपणे मला विचारले, “बाई, अकरा वाजता मी तिसऱ्या मजल्यावर असते. फळ कुठं ठेवू?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता, तिला खरोखरच उत्तर हवे होते, आणि माझ्यापाशी ते नव्हते.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, पहाटे चारला येणारे आणि पाचला जाणारे नळाचे पाणी, सिलिंडर संपलेला असल्यामुळे कामावरच्या फळकुटांवर पेटवलेली चूल, आणि शिधापत्रिकेवर मिळालेल्या गहू-तांदळाचे दोन डबे, एवढा तिचा संसार होता. ती भातच का खाते, ह्याचे कारण मला तेथे उमगले: गहू निवडायचा, गिरणीत दळण न्यायचे, दळणाचे पैसे द्यायचे, कणीक मळायची आणि मग एकेक पोळी लाटायची, ह्याला जो वेळ व जे सरपण लागते ते दिवसातून एकदाच परवडत असल्यामुळे पोळ्या नवऱ्याच्या व मुलांच्या डब्यात जात, आणि तिच्या वाट्याला एका पातेल्यात एका उकळीत होणारा भात येई. भूक मारण्यासाठी ती दिवसातून पाच वेळा चहा घेत असे. त्या रात्री तिने माझ्यासह पाच ताटे वाढली. सर्वांचे उरकल्यावर सहावे ताट तिने स्वतःसाठी घेतले, आणि त्यात तळाचा खरवडलेला भात व पातळ कालवणाचे उरलेले पाणी ह्यांखेरीज काही नव्हते. माझ्या तक्त्यातील प्रत्येक आकडा शास्त्रशुद्ध होता आणि तरीही त्या सहाव्या ताटाशी त्याचा काडीइतकाही संबंध नव्हता.

मित्रहो, त्या एकाच स्त्रीच्या शरीरात रक्तक्षय आणि मधुमेह शेजारी शेजारी नांदत होते. आमच्या पिढीला जे पोषणशास्त्र शिकवले गेले त्यात उपासमारीचे रोग गरिबाचे आणि अतिभोजनाचे रोग श्रीमंताचे अशी वाटणी गृहीत धरलेली असे. ती वाटणी आता मोडली आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने खुरटलेली आढळली; आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे जे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले त्यांत, महाराष्ट्रासारख्या सधन राज्यांच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण सुस्थितीतील लोकांपेक्षा निम्न आर्थिक स्तरातील लोकांत अधिक असल्याचे दिसून आले.

ह्या दुहेरी संकटाचे बीज कोठे आहे, हे समजून घेण्यासाठी आपल्याला परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो मातृपोषणाचा अभ्यास आरंभिला, त्यात जन्मलेली बाळे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने सुमारे 800 ग्रॅमनी कमी होती. स्नायू, पोटाचा घेर, सारेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेलेली होती. दिसायला कृश आणि अंतर्यामी मेदयुक्त असे हे मूल पुढे शहरात येऊन साखर, तेल व बैठे काम ह्यांच्या कचाट्यात सापडले की मधुमेहाला लवकर बळी पडते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला कोणत्याही शोधाइतकी मोलाची वाटते: बाळाच्या आकारमानाचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी तितकासा दिसला नाही, जितका तो तिने पालेभाजी व फळे किती वेळा खाल्ली, दूध घेतले की नाही, ह्यांच्याशी दिसला. तांदुळजा, चाकवत, माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला, ज्यांना आपण बाजारात ‘साध्या भाज्या’ म्हणून शेवटी पिशवीत टाकतो, त्यांच्याशी!

तर मग अडचण कोणती? ज्ञान आहे, भाजी आहे, आणि ज्ञान द्यायला आपण आहोत. अडचण ही की आपण ज्ञान दवाखान्यात ठेवतो आणि स्वयंपाक वस्तीत होतो. ह्या बाबतीत मला आपल्याच प्रांतातील एक उदाहरण नेहमी आठवते. ताराबाई मोडक 1945 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, बालवाडी काढली, आणि हरिजनांची व आदिवासींची मुले त्या बालवाडीत येत नाहीत असे त्यांना आढळून आले. दुसरा कोणी असता तर पालकांच्या अनास्थेवर अहवाल लिहून मोकळा झाला असता. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी हे नाव दिले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. आज लाखो सेविका ज्या नावाखाली काम करतात त्या नावातच आपल्या व्यवसायाची सारी पद्धती सांगितलेली आहे; मात्र आहाराच्या बाबतीत अंगणाच्याही पुढे, उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जावे लागते.

दुसरे स्मरण कमला सोहोनी ह्यांचे. 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशी परतल्या, कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आपल्या विद्यार्थ्यांसह नीरा, कडधान्ये व तांदळाचे पीठ ह्यांचे, म्हणजे सामान्य माणसाच्या मुखी जाणाऱ्या पदार्थांचे, जीवरसायन तपासले. उत्तरायुष्यात त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातील भेसळीविषयी गृहिणींसाठी लेख लिहीत राहिल्या. एवढ्या अधिकाराच्या विदुषीला जे काम कमी प्रतीचे वाटले नाही, ते तुम्हाआम्हांला वाटण्याचे कारण नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. शिकवायचे काय, तर हिशेब. कारण गरिबाच्या घरातील स्त्री कॅलरी आणि मिलिग्रॅम जाणत नसली तरी किलो, महिना आणि पिशवी ह्यांचा जमाखर्च तिच्याइतका काटेकोर कोणीही ठेवीत नाही. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, हे वाक्य तिला निरर्थक आहे. परंतु पाच माणसांच्या घरात मिठाची 1 किलोची पिशवी 40 दिवसांच्या आत संपता कामा नये, आणि पापड-लोणचे त्याच हिशेबात धरायचे, हे सांगितले तर ती भिंतीवर तारीख लिहून ठेवते. मी लिहिलेली पाहिली आहे. तेलाचेही तसेच: माणशी अर्धा किलो महिन्याला, म्हणजे पाच जणांत अडीच किलो. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे एका माणसामागे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर, हे मी एका वस्तीत साखर प्रत्यक्ष तागडीत घालून दाखवले तेव्हा बायका कितीतरी वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. त्यांतल्या दोघीतिघींनी त्याच संध्याकाळी एकेक चमचा कमी केला. जेवणाबरोबरचा चहा तासाभराने पुढे ढकलला आणि पालेभाजीवर लिंबाची फोड पिळली तर अन्नातील लोह अंगी लागते, ह्याला खर्च जवळजवळ नाही. मटकी फडक्यात बांधून मोड आणणे, भाजी चिरण्यापूर्वी धुणे, भाताची पेज न फेकणे, आठवड्यातून दोनदा अंबाडीत ज्वारीच्या कण्या शिजवणे, हे आजीला ठाऊक होते. सुनेला ते सांगायचे असेल तर आजीलाच पुढे बसवून तिच्या तोंडून सांगावे, आपण शेजारी बसून दुजोरा द्यावा.

आणि जेथे आपल्या सल्ल्याला किंमत मोजावी लागते, तेथे ती किंमत आपण आधी विचारली पाहिजे. ज्वारी-नाचणी खा, असे म्हणणे सोपे आहे. पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी 5 किलो मिळणारे धान्य आमच्या बहुतेक वस्त्यांत गहू-तांदळाच्याच रूपाने येते आणि आता ते मोफत आहे, तर ज्वारीला बाजारात रोख पैसे पडतात. अशा वेळी भाकरीचे माहात्म्य गाणाऱ्या व्याख्यानापेक्षा रेशन दुकानात ज्वारी व नाचणी मिळावी म्हणून तहसील कचेरीत दिलेला अर्ज अधिक मोठे आहारशिक्षण होय. बीड जिल्ह्यातून दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी सहा-सहा महिने उघड्या रानात कोपीत राहतात. त्या स्त्रिया अंधारात भाकरी थापतात आणि दिवसभर मोळ्या वाहतात. त्यांना समतोल आहार शिकवण्यापूर्वी त्यांच्या मुलांना फडाजवळच्या अंगणवाडीत पोषण आहार मिळतो का, हे आपण पाहिले पाहिजे. मजुरी, पाणी व सरपण ह्यांची जागा शिक्षण घेऊ शकत नाही, आणि जो अधिकारी तशी तजवीज तुमच्याकडून करवून घेऊ पाहील त्याला तुम्ही नम्रपणे पण लेखी नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट राहिली, आणि तीच मला सर्वांत कठीण वाटत आली आहे. आपले सारे वर्ग मातांसाठी असतात. माता ऐकतात, मानतात, घरी जाऊन मोडाची उसळ करतातही. आणि मग ती उसळ नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मुलाच्या, नंतर मुलीच्या ताटात वाढून रिकामे पातेले घेऊन शेवटी जेवायला बसतात. हा क्रम कोणत्याही सरकारी फर्मानाने बदलत नाही आणि आईला उपदेश करून तर मुळीच बदलत नाही, कारण तो तिने ठरवलेला नसतो. म्हणून सासूबाईंना वर्गात बोलवा, रात्रपाळीहून परतलेल्या नवऱ्याला बोलवा, पाच रुपयांचे पुडे आणून लेकरांचे लाड करणाऱ्या आजोबांना बोलवा, आणि आधी सर्वांसाठी सारखी वाटणी करून मग जेवायला बसण्याची विनंती करा. काही घरांनी ती मानलेली मी पाहिली आहे. बहुतेकांनी मानली नाही. ते काम आमच्या हातून अपुरे राहिले असून ते तुमच्याकडे येत आहे.

स्नातकहो, तुम्ही रुग्णालयात जाल, अंगणवाडी प्रकल्पात जाल, कोणी शाळेत, कोणी संशोधनात. कोठेही गेलात तरी ज्या घरी प्रथम पाऊल टाकाल तेथे वही उघडण्यापूर्वी, सल्ल्याचा एक शब्दही बोलण्यापूर्वी, कृपा करून एवढे विचारा: काल रात्री ह्या घरात सर्वांच्या शेवटी कोण जेवले, आणि तिच्या ताटात काय होते?