नंबर कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला यंदा निवडणुकीवर बोलायला सांगितले, तेव्हा काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. भिऊ नका. मत कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही. मत मागणारे हल्ली कोणत्या वाटेने घरात येतात, एवढेच पाहू.

पूर्वी उमेदवाराचा आवाज ऐकायचा तर सभेला जावे लागे. 1957 साली क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले, तो काळ सभांचा, पोवाड्यांचा आणि भिंतीवरच्या चुन्याच्या अक्षरांचा. घरचे आवरून, मुले निजवून सभेला जाण्याची सोय किती बायकांना होती? पुरुष ऐकून येत आणि सांगतील तेवढे आपल्या कानी पडे.

आता 2019 सालचे पाहा. साताऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक होती. 18 ऑक्टोबरला श्री. शरद पवार भर पावसात भिजत बोलत उभे राहिले, आणि त्या भाषणाची चित्रफीत मोबाईलवरून घरोघर पोचली. 21 तारखेला मतदान झाले व त्यांच्या पक्षाचे श्री. श्रीनिवास पाटील निवडून आले. हा विजय पावसाचा की आणखी कशाचा, यावर पुरुषमंडळींना पारावर खुशाल वाद घालू द्या. मला त्यात एवढेच मोठे वाटते, की घरातल्या बाईला ते भाषण भाकऱ्या थापता थापता ऐकता आले. मध्ये कोणी सांगणारा लागला नाही.

ज्यांच्याकडे पूर्वी कोणी फारसे वळून पाहत नसे, त्यांच्यापर्यंत आता सारेच पोचू पाहतात. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबे देशभर पांगलेली आहेत. पाटण-जावळीची माणसे मुंबईत आहेत. त्यांना गाठायला गावचा व्हॉट्सअॅप गट पुरतो. आणि अठरा वर्षांच्या आपल्या मुली! मतदानाचे वय 1989 साली एकविसावरून अठरावर आले. आता तर वर्षातून चार तारखा ठरल्या आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. वयाची सतरा वर्षे झाली की आगाऊ अर्ज करता येतो. या मुलींना उमेदवाराचा संदेश थेट हातात मिळतो. तो आवाज खरा की यंत्राने बनवलेला, हे मात्र त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. अशी बनावट चित्रफीत ध्यानात आणून दिल्यावर पक्षांनी तीन तासांत काढावी, असे निवडणूक आयोगाने 2024 च्या मे महिन्यात बजावले. पण तीन तासांत ती किती घरे फिरून येते, ते आपला गट पाहिला की समजते.

परंतु माझा खरा मुद्दा निराळाच आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी कित्येक बायकांनी, विशेषतः उत्तरेकडच्या प्रांतांत, यादीवाल्यांना स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असे लिहून घेतले गेले. आयोगाने अशा नोंदी मानल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गेली. आपण ऐकून हळहळतो. पण 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना मोबाईल नंबर द्यावा लागला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणींनी स्वतःचा दिला? हात वर करायला सांगत नाही. पतीचा, मुलाचा, शेजारच्या भाच्याचा नंबर दिलेल्या बायका मला घरोघर भेटतात. नाव बाईचे, संदेश जातो दुसऱ्याच्या खिशात. उमेदवार सांगतो, मी भगिनींशी थेट बोललो. बोलणे झालेले असते भावोजींशी! नावाच्या जागी नंबर आला, एवढाच काय तो फरक.

मुलीला मोबाईल दिला तर ती बिघडेल, असे म्हणणारी घरे आपल्याच गल्लीत आहेत. मुलाला देताना ही शंका कोणाला येत नाही, हे नवल आहे.

एक गोष्ट लग्न झालेल्या मुलींची. मुलगी कराडची, दिली तासगावला. रेशनकार्डावर नाव चढते, मतदार यादीत मात्र ते कराडलाच राहते. मतदानाच्या दिवशी माहेरी जाणे जमत नाही आणि सासरी नाव नसते. ओळखपत्र पेटीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यादीत नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग नाही. नवे नाव घालायला सहा नंबरचा अर्ज, आणि सासरी नाव हलवायला आठ नंबरचा. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. दोन्ही अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून भरता येतात, फुकट. न जमल्यास 1950 या क्रमांकावर विचारावे किंवा आपल्या भागातल्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे कागद द्यावा. दोन्ही गावी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे.

चहा झाल्यावर कॉलेजातल्या आपल्या चार मुली ओसरीवर बसणार आहेत. ज्यांना यादीतले नाव पाहायचे असेल त्यांनी ओळखपत्र घेऊन त्यांच्याकडे जावे. सासरी नाव हलवायचे असेल तर घरचे वीजबिलही आणावे. आणि अर्जात मोबाईल नंबर विचारला की आपला स्वतःचा सांगावा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी माझ्याकडे नाव द्या. घरी येऊन बोलायची माझी तयारी आहे.