यंत्र शिकते, मग आपण का थांबावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी पलीकडे चुलीपाशी असते. यंदा आपल्या चिटणीस बाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाल्या, "त्या रोबोटच्या व्याख्यानाला गेली होतीस ना? मग तेच चार शब्दांत सांग." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. काही चुकलेमाकले तर पदरात घ्या.

पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाने विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ ठिकठिकाणी व्याख्यानमाला चालविते. ज्यांना विद्यापीठात जाता येत नाही, त्यांच्या दारी विद्यापीठाने यावे, असा त्यातला हेतू. नगरच्या एका महाविद्यालयात असे एक व्याख्यान यंत्रमानवावर होते आणि बोलणाऱ्या होत्या एक इंजिनिअर बाई. माझ्या धाकटीने हट्ट धरला, "आई, तू चलच."

हट्टाला कारण होते. ती दहावी झाली आणि तिला यंत्राच्या शाखेचा डिप्लोमा करायचा होता. आमच्या ह्यांचे म्हणणे, "एमआयडीसीत यंत्रेच माणसांना घालवायला निघाली आहेत. त्यात मुलीने शिकून काय मिळवायचे?" ह्यांचेही अगदीच खोटे नव्हते. आमच्या शेजारच्या वहिनी सहा वर्षे एका कारखान्यात लहान लहान भाग जुळवायच्या कामाला होत्या. एके दिवशी तिथे लोखंडी हात बसवला आणि महिनाभरात लाईनवरच्या नऊ बायका घरी बसल्या. वहिनींनाही मी बरोबर घेतले. आम्ही तिघी नागापूरहून निघालो.

बाई साध्या साडीत होत्या आणि मराठीत बोलल्या. सुरुवातीलाच त्यांनी रोबोट शब्दाचा अर्थ सांगितला. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले, त्यातून हा शब्द जगभर गेला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ! सक्तीने राबवून घेतलेले काम. मला वाटले, हा शब्द तर आपल्या ओळखीचा निघाला. आपल्याकडच्या किती पिढ्या वेठीत गेल्या.

कारखान्यातला पहिला रोबोट १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवायचे, हे त्याचे काम. माणसाचे हात तिथे भाजायचे. मग बाईंनी जवळचे उदाहरण दिले. पुण्याजवळ दिघीला संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत 'दक्ष' नावाचा रोबोट तयार झाला आणि २०११ साली तो लष्कराकडे सुपूर्द झाला. तो जिने चढतो, संशयित वस्तूची क्ष-किरणांनी तपासणी करतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतो. त्याला चालवणारा जवान पाचशे मीटर लांब सुरक्षित राहू शकतो. आपले नगर लष्कराचे गाव. आपल्यात कितीतरी जणींचे भाऊ, दीर, मुलगे फौजेत आहेत. अशा यंत्राचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी गटार साफ करणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्र केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. माणसाला गटारात उतरवणे कायद्याने बंद आहे, तरी माणसे उतरतात आणि विषारी वायूने मरतात. त्या जागी यंत्र उतरले तर कुणाचे कुंकू वाचेल. अशी वेठ यंत्राने जरूर घ्यावी, असे मला मनापासून वाटले.

पुढे बाई म्हणाल्या, "आता घरातले काम सांगते. कपड्याची घडी." २०१० साली अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात रोबोटला टॉवेलची घडी घालायला शिकवले. एका टॉवेलला सरासरी जवळजवळ पंचवीस मिनिटे लागली! सगळे हसले, मीही हसले. कापड धरावे तसे लोंबते, दर वेळी त्याचा आकार वेगळा होतो. टोक कुठे आहे हे आपल्या बोटांना न बघता कळते. यंत्राला तेच अवघड जाते. मी मनात म्हटले, भले! जन्मभर कुणी विचारले की, मी म्हणते, "मी काही करत नाही, घरीच असते." आणि ते 'काही नाही' इतके कठीण आहे की काय?

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. त्याच विद्यापीठात २०२२ साली नव्या पद्धतीने रोबोट तासाला तीस-चाळीस कपड्यांच्या घड्या घालू लागला. म्हणजे एका कपड्याला दोन मिनिटांच्या आत-बाहेर. माझे हसू तिथेच विरले. बारा वर्षांत यंत्र एवढे शिकले. मी सातवी पास झाले त्याला आता तीस वर्षे झाली. त्यानंतर मला काही शिकव, असे मी कुणाला म्हटले नाही आणि शीक, असे मला कुणी म्हटले नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा आमच्या वहिनी उभ्या राहिल्या. पाय कापत होते, पण बोलल्या. "बाई, माझे काम तुमच्या त्या हाताने घेतले. आता माझ्या हातांनी काय करायचे?"

सभागृह गप्प झाले. बाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाल्या, "जिथे नऊ जणी होत्या तिथे यंत्र सांभाळायला एक-दोघीच लागतात, हे मी लपवणार नाही. पण त्या एक-दोघी तुमच्यातल्या का नसाव्यात? यंत्र आणण्याआधी मालकाने कामगारांना शिकवायला हवे. आणि शिकवा, असे कामगारांनीही मागायला हवे." वहिनी बसल्या. येताना वाटेत एवढेच म्हणाल्या, "सहा वर्षांत ते मशीन दाखव, असं मीसुद्धा कधी म्हटलं नाही."

भगिनींनो, मला यातून एक गोष्ट उमजली. यंत्राला हे येत नाही, ते येत नाही, अशा समाधानावर आपण बसू नये. आज न येणारे काम त्याला उद्या येईल. आपणही शिकत राहणे, एवढाच उपाय आपल्या हातात आहे. आपल्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. त्या सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले ते आपल्याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत. लग्न झालेली बाई त्या काळात शिकायला बाहेर पडली. मग आपल्याला कोणती अडचण आहे?

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "यंत्र माणसाला घालवते म्हणता, तर यंत्र जिला कळते ती आपल्या घरात असू द्या." दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच प्रवेशाच्या कागदांची पिशवी काढून टेबलावर ठेवली. धाकटी आता रोज सकाळच्या बसने कॉलेजला जाते. वहिनींना मात्र अजून काम नाही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवते. यंदाच्या शिलकीतून हळदीकुंकवाची भांडी घेण्याऐवजी, काम गेलेल्या भगिनींसाठी यंत्र हाताळायचे शिक्षण कुठे मिळेल, याची आपण चौकशी करावी. आयटीआयला सगळ्यांच्या सह्यांचे पत्र द्यावे. पहिली सही वहिनींची होईल आणि दुसरी माझी. सातवी झाली आहे, सही नीट येते!

आता माझा झारा परत द्या, भाजी खाली लागेल.