बर्डीवर चालताना

हेडफोन लावले असतील तर चला, आज तुम्हाला बर्डीवर फिरवून आणतो. नकाशात सीताबर्डी, इंग्रजी पाट्यांवर सीताबुल्डी, पण नागपूरचा माणूस एवढंच म्हणतो, "बर्डीवर जाऊन येतो." 'वर' काहून? तर बर्डी म्हणजे छोटी टेकडी. तिच्यावर किल्ला आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज इथंच इंग्रजांशी लढली आणि हरली. आज त्या किल्ल्याच्या पायथ्याशी रोज संध्याकाळी वेगळीच लढाई असते, दीडशेचा टॉप साठला मागायची.

मेट्रोच्या दोन लाइन जिथं एकमेकींना भेटतात त्या स्टेशनवर उतरा आणि पायी मेन रोडवर या. व्हरायटी चौकापासून लोखंडी पुलाकडं जाणारा हा रस्ता. दोन्ही बाजूंना पक्की दुकानं, पुढं ठेले, मधे ताडपत्र्या. मोबाइलची कव्हरं, कानातले, जीन्स, चादरी, चपला. टोकियोच्या गिन्झामध्ये १९७० पासून शनिवार-रविवारी दुपारी मोठा रस्ता गाड्यांना बंद करतात, माणसांनी आरामात चालावं म्हणून. बर्डीवर हे काम गर्दीच करते. तरी एखादा भाऊ त्यात स्कूटी घालतोच, हॉर्न वाजवत. असो.

मागच्या वर्षी ऑफिसनं आम्हाला बँकॉकला नेलं. चतुचकच्या बाजारात गेलो. शनिवार-रविवारी भरतो, हजारो दुकानं, अरुंद गल्ल्या. मी खुळ्यासारखे रील काढून राहिलो होतो. एका बाईनं कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला, मी मुकाट पैसे दिले. सोबतची पोरगी म्हणाली, "यार, किती लाइव्हली आहे! आपल्याकडं असं कुठं असतं?" मी काही बोललो नाही.

बोलायला पाहिजे होतं. कारण माझी आई बर्डीवर बसते. रुमाल आणि मोजे. सकाळी गांधीबागेतून ठोक माल आणायचा, दुपारी ताडपत्री टाकायची. आमच्या दोघा भावांची फी त्यातूनच निघाली.

नववीत होतो मी. दिवाळीची गर्दी. वर्गातला एक मित्र त्याच्या आईसोबत समोरून येताना दिसला. मी ताडपत्री सोडली आणि शेजारच्या काकांच्या बेल्टच्या ठेल्यामागं जाऊन बसलो. त्या काकूंनी आईकडून सहा रुमाल घेतले, लय भाव केला. आई मला पाहत होती. तिनं हाक मारली नाही. घरी गेल्यावरही त्यावर एक शब्द नाही.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, एक दिवस "गाडी आली, गाडी आली" असा ओरडा झाला. असं झालं की ताडपत्रीची चार टोकं धरायची आणि गल्लीत पळायचं. त्या दिवशी आईचा पाय अडकला. सगळा माल गेला. कागद नाही, पावती नाही. गांधीबागेतली उधारी फेडायला आठ महिने लागले.

२०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी कायदा आला. तो मी बँकॉकहून आल्यावर बसून वाचला. माल उचलला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत नसलेला माल दंड भरल्यावर कामाच्या दोन दिवसांत परत, नाशवंत त्याच दिवशी. उठवायचं असेल तर आधी तीस दिवसांची नोटीस. आणि कोण कुठं बसणार हे ठरवणाऱ्या समितीत किमान ४० टक्के लोक फेरीवाल्यांतले. वाचता वाचता आईला सांगून राहिलो होतो, तर ती म्हणे, "कागदावर लय काही असते बाप्पा. यादी माग म्हणतोस, तोपर्यंत गाडी सुटते न."

दुकानदारांचंही ऐकलंय मी. भाडं भरतात, टॅक्स भरतात, आणि त्यांचं दार झाकलेलं. चूक नाहीत ते. ॲम्ब्युलन्स आत येणार कशी, हा प्रश्नही खराच आहे. रस्त्यावर खुणा आखून मधली वाट मोकळी ठेवली तर आईसुद्धा चार फूट मागं सरकायला तयार आहे. फक्त ती रेघ पुढच्या महिन्यात पुसली जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

बँकॉकचे ते रील मी तिला दाखवले. तिनं एकच विचारलं, "त्या बाईले पाऊस आला तर वर छप्पर आहे का?"

आहे, म्हटलं.

तर या कधी बर्डीवर. बेल्टवाल्या काकांच्या बाजूला, निळी ताडपत्री. मोज्यांचे तीन जोड शंभरला. भाव करा, तिला चालतं. फक्त साडेआठच्या आत या, नंतर ती बस पकडते.