बहिणीचा पत्ता

वारसाचं प्रकरण कोर्टात गेलं की संबंधितांना कसं कळवतात, यावर आकाशवाणीनं बोलायला सांगितलंय. लोहारा तालुक्यातल्या माकणीसारख्या गावात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेण्याची, सक्ती कधी नव्हती, ती मुंबईकडची गोष्ट होती, तीही २०२५ पर्यंतच. आपल्याकडं बँकेतल्या पैशासाठी वारसा दाखला आणि शेतीसाठी तलाठ्याकडचा वारसफेर. तरी प्रोबेट मागितलंच, तर १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यानं कोर्ट जाहीर बोलावणं काढू शकतं. ते कोर्टात आणि कलेक्टर कचेरीत लावतात.

पण मंडळी, नावं आणि पत्ते कोर्टाला कोण देतं? अर्जदारच. खरी गोम इथंच आहे. बहीण वीस वर्षांपासून निलंग्याला नांदते आणि अर्जात लिहिलेलं असतं, 'रा. माकणी, ता. लोहारा'. बेलिफ येतो तो भावाच्याच दारात. भाऊ सांगतो, ती इथं राहत नाही. मग पेपरात जाहीर नोटीस येते, 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'. तो पेपर निलंग्यातल्या त्या घरी जातो का, हे कोण पाहतं? त्यातून १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुना पत्ता कागदावरच राहिला.

भावांनो, रागावू नका. लग्नाची पत्रिका बहिणीच्या दारात बरोबर पोचते. मग नोटिशीचाच पत्ता कसा चुकतो? १९५६ पासून मुलगी वारस आहे, आणि २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क जन्मानंच आहे. पुन्हा सांगतो, जन्मानं. आणि हे तुमच्याही हिताचं आहे. जिला कळवायला हवं होतं तिला न कळवता मिळवलेलं प्रोबेट पुढं रद्द होऊ शकतं. तेव्हा अर्जात तिचं सासरचं गाव, तालुका, जिल्हा, सगळं नीट लिहा.

आता शेतीच्या वारसफेराचं थोडक्यात सांगतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद चावडीवर लावतात आणि संबंधितांना नोटीस देतात. हरकतीला पंधरा दिवस असतात. बहिणींनो, फोनवर 'माझी हरकत आहे' एवढं म्हणून थांबू नका. अर्ज लेखी द्या, तारखेची पोच घ्या. नोटीस आली नाही तरी सातबारा अधूनमधून काढून पाहत जा, तो मोबाइलवरही दिसतो.

कॅव्हेटबद्दल सविस्तर सांगायचं होतं, पण वेळ होत आलीय. एवढंच ध्यानात ठेवा. कुणी मृत्युपत्र घेऊन प्रोबेटला जाणार असं कानावर आलं, तर आधीच जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येतं. मग तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय ते काम पुढं सरकत नाही.