मनातला हातचा

आज सुरुवातीलाच तुम्हाला जरा कामाला लावतो. मी तीन अक्षरं सांगतो, ती लक्षात ठेवा: ट, म, ज. आता शंभरापासून तीन-तीन कमी करत मोठ्यानं उलट मोजा. शंभर, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी... चालू द्या. घरातले लोक विचित्र नजरेनं बघतील, बघू देत.

1959 साली लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या अमेरिकन दांपत्यानं विद्यार्थ्यांकडून नेमकं हेच करून घेतलं. तीन अक्षरांचं ते काय ओझं? पण उलट मोजणी चालू असताना अठरा सेकंद गेले, की दहातून एखाद्या वेळीच तिन्ही अक्षरं बरोबर सांगता येत. मनातल्या मनात घोकायला उसंत मिळाली नाही, की नुकतंच ऐकलेलंही निसटतं. तुमच्या अक्षरांचं काय झालं, ते तुमचं तुम्हीच तपासा.

मग मनात एका वेळी मावतं तरी किती? 1956 मध्ये जॉर्ज मिलर यांनी ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ असा हिशेब मांडला आणि तो सात जगभर गाजला. मिलर यांचा मोलाचा मुद्दा मात्र त्या आकड्याच्या मागे झाकला गेला. मन सुटे आकडे मोजत नाही, जुड्या मोजतं, आणि जुडी केवढी बांधायची हे ज्याच्या त्याच्या माहितीवर ठरतं. पुढे 2001 साली नेल्सन कोवन यांनी दाखवलं की जुड्या बांधायला आणि घोकायला वावच दिला नाही, तर मोठ्या माणसाच्या मनात सरासरी चारच गोष्टी टिकतात. फक्त चार! एवढ्या भांडवलावर आपण हिशेब करतो, भांडतो आणि भाषणंही देतो.

शिवाय ही जागा नुसती ठेवण्याची नाही, तिथंच कामही करायचं असतं. 1974 मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी यावर बोट ठेवलं. या कामकरी स्मृतीसाठी उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको, प्राथमिक शाळेतला हातचा पुरे. कागद न घेता 47 गुणिले 6 करा. सहा साती बेचाळीस. दोन ठेवले, हातचे चार. सहा चोक चोवीस, त्यात हातचे चार, अठ्ठावीस. उत्तर 282. हे करताना मूळचे 47 सांभाळायचे, एकंचे दोन सांभाळायचे, हातचा सांभाळायचा आणि वर गुणाकारही करायचा. त्यात कुणी ‘चहा घेणार का?’ विचारलं, की पहिला बळी हातच्याचा.

आता यात सहा साती किती हेच आठवत नसेल, तर सहा वेळा सात मिळवत बसावं लागेल आणि सगळी जागा त्यातच संपेल. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, थेट साडेतीनची औटकी घोकून घेत, त्याला आपण आज हसतो. न समजता केलेल्या घोकंपट्टीचा मीही भोक्ता नाही. पण पाढा पाठ असणं म्हणजे ती तोकडी जागा विचार करायला मोकळी ठेवणं, हेही खरं.

‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणून क्लास आणि मोबाइलवरचे खेळ विकणाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका विद्यार्थ्याची हकीकत जरूर वाचावी. 1980 साली ती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. कार्नेगी-मेलन विद्यापीठातला हा मुलगा सुरुवातीला आपल्यासारखाच सातेक आकडे एका दमात सांगायचा. दीड वर्षाहून जास्त काळात मिळून सुमारे 230 तास सराव केल्यावर तो 79 आकडे ओळीनं सांगू लागला. त्याची युक्ती काय? तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. 3492 ऐकलं की तो मनात म्हणे, तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद, एक मैल धावण्याच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ. चार आकड्यांची एक जुडी तयार! मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली आणि गडी परत सहावर आला. मनातली जागा तसूभरही वाढली नव्हती. वाढली होती ती धावण्याच्या वेळांची शिदोरी वापरण्याची हातोटी.

आपण फोन नंबर सांगताना नकळत हेच करतो. अठ्ठ्याण्णव, बावीस, एकाहत्तर, असे दहा आकडे पाच जुड्यांत बसवतो. पण ज्या मुलाचे शंभरपर्यंतचे अंक पक्के नाहीत, त्याला अठ्ठ्याण्णव ही जुडी वाटत नाही, कोडं वाटतं. ‘सत्तावीस’ म्हटलं की कानावर सात आधी पडतो आणि लिहायचा दोन आधी. तोवर सात धरून ठेवायचा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ या धर्तीवर संख्यावाचन आलं, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. पद्धत आवडो न आवडो, मुलांची ती अडचण खोटी नव्हती.

तेव्हा श्रोतेहो, एवढं करा. कुणाला नंबर सांगताना दोन-दोन आकडे सांगून मध्ये थांबा. नोटा मोजणाऱ्याला मध्येच हाक मारू नका. आणि ‘वर जा, कपाटातला निळा डबा आण, येताना दिवा बंद कर, आजीला गोळी घेतली का विचार, गॅलरीतला टॉवेलही घेऊन ये’ असं एका श्वासात सांगितल्यावर पोरगं नुसता डबा घेऊन आलं, तर त्याला वेंधळा म्हणू नका. उरलेली कामं एकेक करून सांगा.