गोल्फमधील जवळचा फटका

गोल्फच्या मैदानावर लांब टोला हाणणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. नवशिका खेळाडूही सरावाचा बहुतेक वेळ त्याच टोल्यासाठी खर्च करतो. परंतु या खेळाचा हिशेब काही निराळेच सांगतो. अठरा होलच्या मैदानाला सामान्यतः 72 फटक्यांचे माप ठरलेले असते. त्यात प्रत्येक होलमागे ग्रीनवरील दोन फटके गृहीत धरतात. म्हणजे 36, बरोबर निम्मे. अडीचशे यार्डांचा टोला आणि वीतभर अंतरावरचा हलका धक्का, दोहोंची गणना एकेकच!

या हिशेबाचे मर्म जाणण्यास इंदूरकरांना दूर जावयास नको. जवळच्या महूचे मुकेश कुमार यांनी डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासॉनिक ओपन ही स्पर्धा एका फटक्याने जिंकली. आशियाई टूरवरील त्यांचे ते पहिलेच विजेतेपद, आणि वय 51 वर्षे! दिल्लीच्या त्या मैदानावर दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. तेथे नुसत्या बळापेक्षा नेमकेपणाला अधिक मोल येते. बाहूंतील जोर वयाबरोबर ओसरतो. हाताचा अंदाज मात्र सरावाने टिकविता येतो.

तो अंदाज कमवावा कसा? ग्रीनच्या कडेवरून मारावयाचा छोटा फटका प्रथम घ्यावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पाय जवळ ठेवावेत, शरीराचा भार डाव्या पायावर घ्यावा, चेंडू उजव्या पायाच्या बाजूस असावा आणि हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. मनगटे न झटकता खांद्यांनीच क्लब हलवावा. चेंडूला उचलण्याचा मोह टाळावा. उचलण्याचे काम क्लबच्या तिरक्या पात्याचे आहे. चेंडू हवेत थोडा आणि जमिनीवर अधिक जाईल, तितकी चूक कमी.

ग्रीनवर दिशेइतकेच अंतराला महत्त्व आहे. होलचा व्यास अवघा सव्वाचार इंच. वीस फुटांवरून तो साधेलच असे नाही. पण चेंडू हातभर अंतरात थांबला, तर पुढचा फटका सोपा होतो. त्यासाठी जोर न वाढविता, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झोक्याची लांबी कमीअधिक करावी.

सरावाची रीतही बदलावयास हवी. एकाच जागेवरून पन्नास चेंडू मारण्याऐवजी दहा निरनिराळ्या जागांवरून एकेक चेंडू खेळावा, आणि प्रत्येक चेंडू होलमध्ये जाईपर्यंत सोडू नये. किती फटके लागले, ते वहीत टिपावे. महिन्याभराने ती वहीच खरी प्रगती सांगेल. ज्याला बळाची देणगी लाभलेली नाही, त्यालाही हा मार्ग मोकळा आहे. आणि ज्याला ती लाभली आहे, त्याचीही यावाचून सुटका नाही.