दहा अडथळे आणि एक घड्याळ



अडथळ्यांची शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेच्या वार्षिक खेळांचा दिवस उभा राहतो. जाळ्याखालून सरपटणारीं, पोत्यांत उड्या मारणारीं आणि पडलीं तरी हंसणारीं मुलें आपणांस आठवतात. आज मी ज्या शर्यतीविषयीं बोलणार आहें ती मात्र निराळी. ११० मीटरांची सरळ वाट आणि तीवर दहा अडथळे. प्रत्येकाची उंची साडेतीन फूट. पहिला अडथळा आरंभरेषेपासून १३.७२ मीटरांवर; पुढें दर दोहोंमध्यें ९.१४ मीटरांचें अंतर. या अंतरांत कसलेला खेळाडू नेमकीं तीनच पावलें टाकतो. एखादें पाऊल आंखूड पडलें कीं लय बिघडली. अडथळा नुसता पडला म्हणून धांवणारा सहसा बाद होत नाहीं. परंतु प्रत्येक ठोकर त्याचा वेग खाते. म्हणून ही शर्यत उड्या मारण्याची नव्हे, वाटेंत अडथळे असूनहि धांवत राहण्याची आहे.

या विद्येंत वेल्समधील कार्डिफ शहराचा एक मुलगा निपुण झाला. कॉलिन जॅक्सन हें त्याचें नांव. जन्म १८ फेब्रुवारी १९६७ चा; घराण्याचें मूळ जमैकांतलें. त्याचे गुरु माल्कम अर्नॉल्ड. युगांडाच्या जॉन आकी-बुआनें १९७२ सालीं म्यूनिक ऑलिंपिकमध्यें ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचें सुवर्णपदक मिळविलें, तो यांचाच शिष्य.

१९८६ सालीं अथेन्स येथें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, जॅक्सननें कुमारांचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. दोनच वर्षांनीं सोल येथील ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या रॉजर किंग्डमच्या मागोमाग येऊन त्यानें रौप्यपदक घेतलें. एकवीस वर्षांचा तरुण आणि ऑलिंपिकचें दुसरें पारितोषिक! पुढल्या खेपेस पहिलें खासच, असें कोणालाहि वाटावें.

पुढली खेप १९९२ सालीं बार्सिलोना येथें आली. ऐन स्पर्धेंत स्नायूला दुखापत झाली आणि अंतिम शर्यतींत जॅक्सन सातवा आला. सुवर्णपदक मिळालें तें कॅनडाच्या मार्क मकॉय याला; आणि हा मकॉय जॅक्सनच्या सरावांतला सोबती होता. एकाच बाकावर बसून अभ्यास करणाऱ्या दोघांपैकीं एकानें पहिलें यावें व दुसऱ्यानें आपलें नांव यादीच्या तळाशीं शोधावें, तसा हा प्रसंग.

येथें पुष्कळ तरुण खचतात. जॅक्सन पुन्हां त्या तीन पावलांच्या हिशेबाकडे वळला. एका वर्षानें, २० ऑगस्ट १९९३ रोजीं, स्टुटगार्ट येथें त्यानें जागतिक अजिंक्यपद जिंकलें; वेळ १२.९१ सेकंद. किंग्डमचा १२.९२ चा जुना उच्चांक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानें मागें पडला. पुढच्या मार्चमध्यें झिंडेलफिंगेन येथें, छपराखालच्या ६० मीटर शर्यतींत, त्यानें ७.३० सेकंदांची नोंद केली. ती २०२१ पर्यंत, जवळजवळ सत्तावीस वर्षें, कोणाला मोडतां आली नाहीं. बत्तिसाव्या वर्षीं, १९९९ सालीं सेव्हिल येथें, तो पुन्हां जगज्जेता झाला.

परंतु ऑलिंपिकचें सुवर्ण? १९९६ सालीं अटलांटा येथें चौथा, २००० सालीं सिडनी येथें पांचवा. तें पदक त्याला कधींच मिळालें नाहीं. २००३ सालीं तो निवृत्त झाला. आतां या माणसाला यशस्वी म्हणावें कीं अयशस्वी?

हा प्रश्न मला छळतो, त्याला कारण आहे. मी अनेक वर्षें शाळेंत शिकविलें. खेळांच्या दिवशीं घड्याळ माझ्या हातीं असे. एकदां चौथा आलेला एक मुलगा धापा टाकीत जवळ आला आणि म्हणाला, "सर, माझी वेळ किती झाली?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पहिला मुलगा रेषेवर पोहोंचतांच मीं घड्याळ थांबविलें होतें. गेल्या वर्षापेक्षां आपण लवकर धांवलों कीं उशिरां, हें त्या मुलाला कळलेंच नाहीं. तो खाली मान घालून निघून गेला. चूक माझी होती, आणि ती मला अजून सलते.

पदक म्हणजे कांहींच नव्हे, असें मी म्हणणार नाहीं. चार वेळां हुकलेल्या पदकाचें दुःख खोटें नसतें. पण पदक एका दिवसाचा निकाल सांगतें. घड्याळ अनेक वर्षांच्या कष्टांचा. जॅक्सनच्या १२.९१ सेकंदांची बरोबरी व्हावयास अकरा वर्षें लागलीं. २००४ सालीं चीनच्या ल्यू शिआंगनें नेमक्या तितक्याच वेळांत ऑलिंपिकचें सुवर्ण जिंकलें, आणि तेंहि अथेन्स येथें, जेथें कुमार जॅक्सन पहिल्यानें जगासमोर आला होता. दोन वर्षांनीं ल्यूनें १२.८८ सेकंद नोंदविले आणि तो उच्चांकहि इतिहासजमा झाला.

आईबापांना एक विनंति करून मी आपली रजा घेतों. निकालाचा कागद घरीं आला म्हणजे "कितवा आलास?" असें आपण विचारणारच, मीहि विचारीत आलों. पण त्यापाठोपाठ "मागच्यापेक्षां किती पुढें आहेस?" हेंहि विचारा. चौथ्या मुलापर्यंत घड्याळ चालू ठेवा. त्याला आपली वेळ कळूं द्या.